धुळाचा अंगठा आणि एकोणिसावं कलम

घोंगडीत गुंडाळलेली एक काच.

कलम २३. ग्राहकाने मीटरवर कपडे, चारा अथवा इतर वस्तू टांगू नयेत.

औंधच्या अलीकडं, उसाच्या बांधाला, एक दगड उभा केलेला आहे. त्यावर नाव नाही.

चाळीस वॉटचा पिवळा दिवा.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या एका कचेरीच्या तळमजल्यावर पुराचं पाणी छातीइतकं होतं.

अडकित्ता.

शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य.

मित्रांनो, ही सगळी माझीच हकिकत आहे. तुकड्यातुकड्यांनी आठवते, कारण मी स्वतःही कलमाकलमांनीच बनलो आहे. मी एक जुना करार आहे. वीज देणारी कंपनी आणि वीज घेणारा ग्राहक यांच्यातला. फुलस्केप आकाराचा एकच कागद. माझ्या पुढच्या बाजूला नाव, गाव, दोन दिव्यांचा भार, शिक्का आणि एक निळा अंगठा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एकतीस कलमं. पुढच्या बाजूला अगदी तळाशी लिहिलेलं आहे: ‘अटी व शर्ती मागे पाहा.’

मागं कुणी पाहत नाही. आम्हा करारांचं नशीबच तसं आहे.

कलम १. या करारात ‘ग्राहक’ म्हणजे ज्याच्या नावे जोडणी मंजूर झाली आहे ती व्यक्ती.

साताऱ्यातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. तिथं आम्ही जोडीनं जन्मतो. एक प्रत कंपनीची, एक ग्राहकाची. माझ्या जुळ्या भावाला आणि मला एकाच दोऱ्यानं बांधून सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडं, जिथं पाऊस वाट चुकल्यासारखा येतो त्या मुलखात, वीज कंपनीच्या एका लहान कचेरीत पाठवलं.

सत्त्याण्णव सालची ती उन्हाळ्यातली दुपार होती. धुळा नावाचा एक मेंढपाळ कचेरीत आला. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. त्याचं घर गावाबाहेर काळ्या माळावर होतं, गायरानात. त्या घराला सातबारा नव्हता, उतारा नव्हता. तेव्हा सरपंचाच्या चिठ्ठीवर जोडणी मिळत असे. टेबलामागं नुकतेच नोकरीला लागलेले एक तरुण साहेब बसले होते.

धुळानं अंगठ्याला शाई लावून घेतली आणि मग हात हवेतच थांबवला.

“सायेब, ती एकोणिसावी अट आमाला जमायची न्हाई.”

“का हो?”

“आवं, आमी दसऱ्याला मेंढरं घिऊन भाईर पडतो. कृष्णाकाठाला, उसवाल्यांच्या रानात खतासाठी बसवाय. मिरगाला माघारी. तवर घराला कुलूप. मग वापर कुठला व्हायचा? तुमी म्हणणार, ह्यानं घर सोडलं.”

माझं एकोणिसावं कलम असं आहे: ‘सलग सहा महिने वापर शून्य आढळल्यास ग्राहकास विजेची गरज उरली नाही असे समजून जोडणी कायमची तोडण्यात येईल. अशी जोडणी पुन्हा हवी असल्यास सर्व कागदपत्रांसह नव्याने अर्ज करावा लागेल.’

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं, मला पालथं केलं आणि एकोणिसाव्या कलमाशेजारच्या कोऱ्या पट्टीत लिहिलं: ‘ग्राहक मेंढपाळ असून दसऱ्यापासून मृगापर्यंत मेंढरांसह बाहेरगावी असतो. या काळातील शून्य वापर म्हणजे घर सोडले असे समजू नये. कलम १९ त्या काळापुरते लागू नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला. माझ्या भावावरही तेच लिहिलं. मग धुळानं अंगठा उठवला, दोघांवर.

मित्रांनो, छापील अक्षर सगळ्यांसाठी असतं. हातानं लिहिलेलं अक्षर एकाच माणसासाठी असतं. माझ्यासारखे पाचशे कागद त्या वर्षी निघाले असतील, पण पाठीवर निळी ओळ असलेले आम्ही दोघंच होतो.

कलम ८. ग्राहकाने आपली प्रत सुरक्षित ठेवावी.

हे कलम धुळानं फारच मनावर घेतलं.

तो मला घेऊन जतच्या बाजारात गेला. तिथं देवांच्या तसबिरी करून देणारा एक दुकानदार होता. त्यानं मला उलटंसुलटं केलं.

“गड्या, ह्याची कुणी फ्रेम करतं व्हय? ह्यो काय देव हाय?”

“देव घरात हाय रं माज्या,” धुळा म्हणाला. “कागुद नव्हता. माजं नाव आन माजं घर एका कागदावर पयल्यांदा आलंय. कर तू.”

दुकानदारानं माझ्यापुढं काच लावली, मागं पुठ्ठा लावला आणि पुठ्ठ्यावर आठ बारीक खिळे ठोकले. एकेक खिळा ठोकताना मी मनातल्या मनात म्हणत होतो, अरे, माझी पाठ! माझं महत्त्वाचं ते तिकडं आहे! पण कागदाला तोंड नसतं.

घरी धुळाच्या बायकोनं, धोंडुबाईनं, मला बिरोबाच्या तसबिरीशेजारी टांगलं आणि काचेला कुंकू लावलं. त्या दिवशी दिवा लागला. चाळीस वॉटचा, पिवळा. धोंडुबाई दिव्याखाली उभी राहून स्वतःच्या हाताचे तळवे उलटेपालटे करून बघत होती. “लय भेगा पडल्यात की वो,” ती म्हणाली, “आजवर दिसल्याच न्हाईत.”

ते माझे कौतुकाचे दिवस होते. पाहुणारावळा आला की धुळा मला दाखवायचा. म्हणायचा, “सायबानं लिवून दिलंय. आपली लाईट कुणी तोडणार न्हाई.” पाहुणे काचेतून बघायचे. तिथं नाव दिसायचं, शिक्का दिसायचा, अंगठा दिसायचा. काय लिहून दिलंय ते कुणाला दिसायचं नाही. त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते नाव वाचूनच थांबायचे. हळूहळू धोंडुबाईलाही वाटू लागलं की, नवऱ्याची ही बोलायची एक तऱ्हा आहे.

कलम १२. मीटरपुढील वायरिंग, स्विच व फ्यूज यांची देखभाल ग्राहकाने करावी.

दसऱ्याला सोनं वाटून झालं की घर आवरायचं. भांडी पालथी, घोंगड्या घोड्यावर. धोंडुबाई चुलीतला विस्तव पाणी मारून विझवायची. त्यांच्यात रिवाज आहे, रिकाम्या घरात इस्तू ठेवायचा नाही. मागं कुणी नसताना जळणारी आग घरात राहिली तर माणूस वाटेला लागत नाही. चूल विझली की धुळा भिंतीपाशी यायचा, मेन बंद करायचा, फ्यूज उपसून पटक्याच्या शेवात बांधायचा. त्याच्या लेखी तोही विस्तवच होता. आठ महिने त्या घराची वीज शिरवळ, कराड, औंध अशी धुळाच्या डोक्यावरून हिंडत असे.

मग कुलूप. मग पावलं. मग घोड्याच्या गळ्यातली घंटा लांब लांब जायची.

मित्रांनो, आठ महिने बंद घरात टांगून राहणं म्हणजे काय, ते सांगतो. पत्र्याला एक भोक होतं. सकाळी त्यातून पैशाएवढा उजेड बिरोबाच्या पायाशी पडायचा, दुपारी माझ्या शिक्क्यावर यायचा आणि कोनाड्यातल्या रिकाम्या डब्यावर जाऊन विझायचा. एवढीच वर्दळ. माझ्यामागं पुठ्ठ्याच्या फटीत एक पाल राहायची. माझी पाठ जवळून पाहिलेली तीच. भिंतीच्या पलीकडं, ओट्यावर, मीटर होता. एरवी त्याची चकती फिरताना भिंतीतून बारीक घरघर यायची. आता तीही नाही.

महिन्यातून एकदा मात्र सायकल वाजायची. वायरमन अर्जुना. तो मीटर बघायचा, चिमटीतल्या पेन्सिलीनं काहीतरी लिहायचा आणि कुलपाकडं बघून मोठ्यानं म्हणायचा, “चाललंय न्हवं, धुळादा? या मिरगाला.” रिकाम्या घराशी बोलायची त्याला लाज वाटत नसे. त्याला पाठीवरची ओळ ठाऊक नव्हती. त्याला धुळा ठाऊक होता. वीस-बावीस वर्षं माझं एकोणिसावं कलम अर्जुनाच्या ओळखीवरच थांबून राहिलं होतं.

कलम २७. ग्राहकाचा मृत्यू झाल्यास वारसाने कंपनीस कळवावे.

दोन हजार एकोणीसला पूर आला. माझा भाऊ, म्हणजे कंपनीची प्रत, तोवर जिल्ह्याच्या कचेरीत गेला होता; तळमजल्यावर, खालच्या कप्प्यात. तो कसा गेला ते मला कळलं नाही; कागद पाण्यात आवाज करत नाही. इतकंच की त्यानंतर ती निळी ओळ जगात एकाच ठिकाणी उरली, आणि ती भिंतीकडं तोंड करून होती.

त्याच सुमाराला अर्जुना निवृत्त झाला.

दोन हजार बावीसच्या माघात धुळा गेला. औंधच्या अलीकडं एका उसाच्या रानात मेंढरं बसवली होती. तीन दिवस ताप. चौथ्या दिवशी त्यानं पटक्याचा शेव सोडला आणि फ्यूज बायकोच्या हातात दिला. तिथंच बांधाला दगड उभा केला आणि कळप पुढं निघाला, कारण पुढच्या शेतकऱ्याला दिलेला शब्द होता. धनगर आणि ऊसवाले यांच्यात करार असतो, पण कागद नसतो. तिथं शब्द मोडत नाही.

हे मला मृगात कळलं. पावलं आली, कुलूप निघालं आणि धोंडुबाई सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. नवऱ्याचा फोटो त्यांनी कधी काढला नव्हता. तिनं काचेवरून, माझ्या अंगठ्यावरून, आपला अंगठा फिरवला. पंचवीस वर्षांत मला प्रथमच कुणीतरी इतका वेळ बघत होतं. पण ती मला बघत नव्हती, मित्रांनो. ती त्याला बघत होती.

कंपनीस तिनं कळवलं नाही. तसं कळवायचं असतं हे तिला कुठून माहीत?

पुढच्या दसऱ्याला ती दिराच्या कळपाबरोबर निघाली. तिनंही फ्यूज उपसला आणि पदराला बांधला.

कलम १९.

आता महिन्याच्या महिन्याला सायकल येत नव्हती. मोटारसायकल यायची, मीटरचा फोटो निघायचा आणि निघून जायची. कचेरीत त्याच वर्षी आलेलं यंत्र आकडे जुळवायचं. शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. सहा शून्यं झाली की नाव आपोआप यादीत. यात कुणाचा दोष नव्हता. यंत्र माझंच एकोणिसावं कलम अक्षरशः पाळत होतं.

दाराला नोटीस चिकटवल्याचा आवाज आला. मग उन्हाळ्यात, एका दुपारी, भिंतीपलीकडून चार स्क्रू सुटल्याचे आवाज आले. मीटर गेला. त्यानंतर भिंत पहिल्यांदाच पुरती मुकी झाली. मी कशाचा करार होतो ते आता तिथं नव्हतं. नुसता करार उरला होता.

मृगात धोंडुबाई आली. पदराची गाठ सोडून तिनं फ्यूज काढला, ओट्यावर गेली आणि किती तरी वेळ आत आलीच नाही.

चार दिवसांनी तिचा मुलगा बिराप्पा कुपवाडहून गाडीवर आला. तो तिथल्या एका कारखान्यात लेथवर होता. तो कचेरीत जाऊन विचारून आला होता.

“नवी जोडणी घ्या म्हनत्यात. त्येला जागेचा उतारा पायजे.”

“गायरानाला कुठला उतारा?”

“त्येच तर. म्हंजे न्हाईच मिळत. आये, तू चल कुपवाडला.”

“आन मेंढरं? ती बी कारखान्यात लावतोस?” धोंडुबाई म्हणाली. “मला डोळ्यानं कमी दिसतंय रं. मिरगात इंचू निघत्यात, मेंढ्या व्यायच्या हायत. एका दिव्यावर माजं समदं हाय. त्यो न्हाई तर मी हितं राहू शकत न्हाई, आन हितनं मी हलणार न्हाई.”

 बिराप्पाची नजर माझ्यावर आली. “जुना करार असंल तर घिऊन या, असं त्या मॅडम म्हनत हुत्या. त्यांच्याकडचा पुरात गेलाय. ह्ये काढू का फ्रेममधनं?”

“हात लावू नगंस. मालकांनी केलीया ती. आख्खी न्यायची.”

अशा रीतीनं सव्वीस वर्षांनी मी भिंतीवरून खाली उतरलो. घोंगडीत गुंडाळून धोंडुबाईनं मला मांडीवर धरलं आणि आम्ही तिघं गाडीवरून निघालो. चहाच्या टपरीवर एका म्हातारबानं विचारलं, “कुठला देव म्हनायचा, बाई?”

“लाईटीचा,” धोंडुबाई म्हणाली. “रुसलाय. मनवाय चाललोय.”

कलम ३१. या करारात हस्तलिखित बदल असल्यास अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासह तो ग्राह्य धरला जाईल.

क्रांती मॅडम म्हणजे कचेरीतल्या अभियंता. वयानं माझ्यापेक्षाही लहान. त्यांनी मला टेबलावर ठेवून काचेतून वाचलं. नाव, गाव, भार, शिक्का. मग तळाची ओळ. त्यांनी मान वर केली.

“आजी, मागं काय आहे?”

“मागं पुठ्ठा हाय.”

“पुठ्ठ्याच्या आत?”

 मला वाटलं, माझ्यातली शाई पुन्हा ओली होते की काय.

“उघडावं लागेल,” मॅडम म्हणाल्या.

“न्हाई.” धोंडुबाईनं दोन्ही हात माझ्यावर ठेवले. “ह्यात मालक हायत माजं. खिळं काढताना फाटलं तर कुठं बघू त्यास्नी? तिकडं नुसता दगुड हाय.”

“आये, मग तसंच माघारी न्हेऊया. अंधारात टांगू,” बिराप्पा वैतागून म्हणाला. “बा तर म्हनायचा, सायबानं लिवून दिलंय. कुठं लिवलंय? काय दिसतंय तुला?”

धोंडुबाईचे हात माझ्यावर तसेच होते. पण ते हलके झाल्याचं मला कळलं.

“त्येनी कवा खोटं बोलल्यालं मी ऐकलं न्हाई,” ती सावकाश म्हणाली. मग कमरेची चंची सोडली, त्यातून अडकित्ता काढला आणि एकेक खिळा स्वतः उपसला. आठ खिळे. शेवटचा निघाला तेव्हा पुठ्ठ्याबरोबर वाळलेली पाल खाली पडली.

क्रांती मॅडमनी मला पालथं केलं आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. ‘...शून्य वापर म्हणजे घर सोडले असे समजू नये.’ पुन्हा एकदा वाचली. कचेरीतले दोघे-तिघे उठून आले. “एवढी बारीक अट कुणाच्या ध्यानात आली असेल हो?” एक कारकून म्हणाला.

धोंडुबाई नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “ह्येच सांगत हुते. मीच बहिरी.”

जोडणी पूर्ववत करायची असं ठरलं. तिथं माझी हकिकत गोड झाली असती, मित्रांनो. पण कंपनीची प्रत पुरात गेली होती, त्यामुळं मूळ कागद फाइलला लावणं भाग होतं. झेरॉक्स चालत नव्हती. वारस म्हणून धोंडुबाईनं माझ्यावर, धुळाच्या अंगठ्याखाली, आपला अंगठा उठवला. आणि मग, शाईचं बोट तसंच धरून, तिनं विचारलं,

“बाई, वरचा अंगठा तेवढा कापून द्याल का? खालची जागा तुमास्नी ठेवा.”

क्रांती मॅडम म्हणाल्या, “आजी, तो कापला तर हा करारच राहणार नाही.”

“व्हय. मग ऱ्हाऊ द्या.”

ती रिकामी फ्रेम उचलून दारापर्यंत गेली. तिथं तिनं काच उन्हात धरली आणि थबकली. इतक्या पावसाळ्यांच्या ओलीनं मी काचेला एका ठिकाणी चिकटलो होतो, आणि तिथली शाई काचेला लागली होती. पुसट, निळा, उलटा अंगठा.

“बिराप्पा,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “घोंगडं आण. काचंला वारा लागू नगं.”

तिला तिचा माणूस मिळाला. दिवा मिळाला. मी मागं राहिलो.

आता मी वरच्या मजल्यावरच्या कपाटात आहे. पुराचं भय नाही. कुंकू नाही, पत्र्याच्या भोकातला उजेड नाही, पालसुद्धा नाही. क्रांती मॅडमनी ती निळी ओळ यंत्रात चढवली आणि पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. माझी फाइल पुन्हा कुणी उघडली नाही. उघडायची गरजच उरली नाही. कपाटाशेजारी एक कारकून बसतो. दर महिन्याला तो शून्य वापराच्या ग्राहकांचे नंबर मोठ्यानं वाचतो, दुसरा ते टिपून घेतो. दसऱ्यानंतर धोंडुबाईचा नंबर त्यात येतो. “ही सोडा,” कुणीतरी म्हणतं, “मेंढरांवाली.” मी महिने मोजतो. ती आता कराडच्या पुढं असेल, आता औंधच्या बांधावर थांबली असेल. मृग लागून जातो, यादी वाचली जाते, मी शेवटच्या नंबरापर्यंत ऐकत राहतो, आणि तिचा नंबर येत नाही. म्हणजे दिवा लागला. तो मी पाहिलेला नाही. यादीत एक नंबर नाही, एवढंच मला मिळतं, आणि त्यावर मी पुढचं वर्ष काढतो.

मित्रांनो, हल्ली करार मोबाइलवर येतात. ‘मान्य आहे’ या चौकोनाला बोट लावलं की झालं. बोट लावा, माझी ना नाही. पण आधी एकदा आम्हाला पालथं करून बघा. ज्याला जपायचं त्याला काचेत घालून भिंतीला टांगू नका. आम्ही तुमच्या बाजूचं काही पाठीवर घेऊन उभे असू शकतो, आणि आम्हाला हाक मारता येत नाही.

धुळाला अक्षर येत नव्हतं. अंगठा उठवण्याआधी त्यानं साहेबांकडून माझी एकतीसच्या एकतीस कलमं मोठ्यानं वाचून घेतली होती. त्याला पाऊण तास लागला होता.